किंकाळी आमची, जाहिरात तुमची

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व प्रसिद्धी विभाग

विषय: परवानगी न घेता आमचा व्हिडिओ जाहिरातीत वापरल्याबद्दल आणि भूतबंगल्याच्या दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन प्रसिद्धीबद्दल तक्रार

महोदय/महोदया,

आपल्या भूतबंगल्याच्या पानावर सध्या सगळ्यात वर जी रील पिन करून ठेवली आहे, तिच्यात किंचाळणारी मुलगी माझी धाकटी बहीण आहे. तिच्या शेजारी तोंड उघडं टाकून उभा आहे तो मी. ही रील आम्हाला एका ओळखीच्यांनी पाठवली, ‘तुम्ही तर फेमस झालात’ असं लिहून. तोवर आपण आमचं चित्रण केलं आहे, याचाही आम्हाला पत्ता नव्हता.

रीलमध्ये दिसतं ते असं: हिरवट अंधारात आम्ही दोघं एका वळणावरून येतो, उजवीकडच्या दारातून पांढऱ्या केसांची बाई झपकन बाहेर येते, बहीण जिवाच्या आकांताने ओरडते, चित्र थिजतं आणि वर लाल अक्षरं उमटतात, ‘यांची हालत बघा. तुमच्यात आहे हिंमत?’

त्या वळणावर दार नाही. तिथे काळा रंग दिलेली प्लायवूडची भिंत आहे. पांढऱ्या केसांची बाई आम्हाला कुठल्याच खोलीत भेटली नाही. ती एडिटिंगमध्ये जन्माला आलेली दिसते. तिथे होती ती जमिनीवरच्या काळ्या कार्पेटची उचकटलेली कड. बहिणीचा पाय तिच्यात अडकला, ती गुडघ्यावर आपटली आणि ओरडली. आपण चित्र बरोबर ती कोसळायच्या आधी थांबवलं आहे. आवाज मात्र पुढे चालू ठेवला आहे. कान देऊन ऐकलंत तर किंकाळीच्या शेवटी ‘आई गं, गुडघा’ एवढे शब्द ऐकू येतात. संगीत नेमकं तिथेच मोठं केलंय, तरी येतात.

म्हणजे ज्या किंकाळीवर आपण तिकिटं विकताय, ती आपल्या भुताने काढलेली नाही, आपल्या कार्पेटने काढली आहे.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर मला सांगितलं, ‘सर, हमीपत्रावर सही केलीत ना, त्यात सगळं येतं.’ सही करण्याआधी मी त्या हमीपत्राचा फोटो काढून ठेवला होता, तो पुन्हा वाचला. इजा झाल्यास जबाबदारी आमची, मोबाईल-दागिने हरवल्यास जबाबदारी आमची, कुणाला उलटी झाली तर सफाईचा खर्च आमचा, इतपत सगळं त्यात येतं. आमचे चेहरे जाहिरातीसाठी वापरण्याबद्दल एक अक्षर नाही. प्रवेशाजवळच्या पाटीवर ‘सुरक्षेसाठी कॅमेरे सुरू आहेत’ असं लिहिलेलं आहे. सुरक्षेसाठीच्या त्या कॅमेऱ्याने बहीण पडलेली टिपली, पण मदतीला कोणी आलं नाही. प्रसिद्धी विभागाचं लक्ष मात्र ताबडतोब गेलं.

हे पत्र भुतांना वैतागलेल्या माणसाचं समजू नका. आम्ही असे बंगले हौसेने बघतो आणि घाबरायलाच जातो. आपल्याकडे पानावर ‘अत्याधुनिक होलोग्राम तंत्रज्ञान’ म्हणून गाजावाजा केलेली जी खोली आहे, ती तर मनापासून आवडली. फक्त तो होलोग्राम नव्हे. तिरकी उभी केलेली मोठी काच, आडोशाला उजेडात बसलेला कलाकार आणि काचेवर पडलेलं त्याचं प्रतिबिंब, एवढाच तो मामला आहे. ही करामत जॉन पेपर यांनी १८६२ च्या डिसेंबरात लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये रंगमंचावर दाखवली. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. १९६९ मध्ये डिस्नेलँडमध्ये सुरू झालेल्या हॉन्टेड मॅन्शनच्या दिवाणखान्यात नाचणारी भुतंही अशाच काचेतून दिसतात. दीडशे वर्षांहून जुनी युक्ती आजही धडधाकट माणसाला दोन पावलं मागे रेटते. आपल्या कलाकाराने काम चोख केलं, त्याला आमची शाबासकी कळवा. पण हे असं सांगण्यात कमीपणा कसला? आणि ‘शंभर वर्षं बंद असलेला शापित वाडा, सत्य घटनेवर आधारित’ हे तरी कशाला? वर पत्रे आहेत, कोपऱ्यात शटरचे रूळ आहेत आणि दुसऱ्या खोलीच्या भिंतीवर, रंगाखालून, ‘माल येथे उतरवावा’ अजून वाचता येतं. त्या ‘सत्य घटनेत’ मेलेल्या कुटुंबाच्या नावाने लोक कमेंटमध्ये खरोखर हळहळत आहेत.

गंमत इथे संपते. आमच्याबरोबर आलेल्या मित्राला फिट्सचा त्रास आहे. बुकिंग करण्याआधी आम्ही आपलं पान आणि सगळ्या रील पाहिल्या. कुठे लखलखणारे दिवे दिसले नाहीत, तशी सूचनाही नव्हती. सूचना सापडली ती आत, तिकीट स्कॅन झाल्यानंतर, पडद्याच्या बाजूला हाताएवढ्या कागदावर: ‘स्ट्रोब लाइटचा वापर. अपस्मार असलेल्यांनी प्रवेश करू नये.’ मित्र मागे फिरला. स्कॅन झालेल्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, असं त्याला काउंटरवर सांगण्यात आलं.

ही सूचना म्हणजे केवळ उपचार नाही. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा उघडझाप करणारा प्रकाश काही रुग्णांमध्ये झटका आणू शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश काही सेकंद लखलखला आणि सुमारे ७०० जणांना, बहुतेक लहान मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं. ती मुलं घरच्या टीव्हीसमोर बसली होती. आपल्याकडे तो दिवा बंद खोलीत, धुरात, डोळ्यांसमोर असतो. पानावर ‘कमजोर काळजाच्यांनी येऊ नये’ हे ठळक अक्षरांत आहे, कारण त्याने तिकिटं खपतात. कामाची सूचना मात्र पडद्यामागे.

आपलं घोषवाक्य ‘आत आलात की सुटका नाही’ असं आहे. बहीण पडल्यावर मी बाजूने बाहेर पडायला वाट शोधली. कार्पेटच्या त्याच बोळात, थोडं पुढे, आपत्कालीन दार आहे. पण त्यावरचा हिरवा दिवा काळ्या कापडाने झाकलेला होता. वातावरण बिघडू नये म्हणून असेल. त्यामुळे लेखी विचारतो: हे घोषवाक्य आहे की वस्तुस्थिती? ११ मे १९८४ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका मोठ्या मनोरंजन उद्यानात ‘हॉन्टेड कॅसल’ला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुलं दगावली. तिथे पाणी फवारणारी यंत्रणाही नव्हती आणि धुराची सूचना देणारीही. आज तिथल्या अग्निसुरक्षा संहितांमध्ये अशा अंधाऱ्या खेळांसाठी वेगळे नियम आहेत, आणि त्यांतला एक असा की धोक्याची सूचना मिळताच आतले दिवे लागले पाहिजेत आणि गोंधळात टाकणारे आवाज थांबले पाहिजेत. आपल्याकडे अलार्म वाजल्यावर काय होतं? प्लायवूड, कापड, फोम आणि वळणावळणाची वाट असलेल्या जागेबद्दल हा प्रश्न विचारण्याचा हक्क तिकीट काढणाऱ्याला आहे.

बाकीचं थोडक्यात. बुकिंगच्या पानावरचं ‘शेवटच्या काही जागा, दहा मिनिटांत संपणार’ हे घड्याळ पान रिफ्रेश केलं की पुन्हा दहावर जातं. बाहेर पडताना आपला माणूस ‘फाइव्ह स्टार देऊन स्क्रीनशॉट दाखवा, फोटो फुकट’ म्हणतो. तेव्हा पानावरच्या स्टार्सची किंमत काय ती आपणच ठरवा. ज्या व्हिडिओवाल्यांना फुकट बोलावलं जातं त्यांच्या व्हिडिओखाली तसं लिहिलेलं नसतं. आणि रीलखाली मी ‘ती घाबरली नव्हती, पडली होती’ एवढीच कमेंट केली, ती उडवली गेली आणि मला ब्लॉक केलं.

खरं सांगितलं तर भीती कमी होते अशी आपली समजूत असावी. डेन्मार्कमधल्या एका भूतबंगल्यात ११० जणांच्या हृदयाची गती मोजून केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निघालं ते असं की मजा सर्वाधिक येते ती मधल्या भीतीला. फार कमी भीती वाटली किंवा फार जास्त वाटली, तरी मजा घटते. मग आत किती अंधार आहे, कलाकार अंगाला हात लावतात का, रांगत जावं लागतं का, हे आधी कळलं तर ज्याला जेवढं झेपतं तेवढंच तो निवडेल आणि खूश होऊन परत येईल. लपवून आपलं काय साधतं, ते मला कळलेलं नाही.

ती रील सर्व खात्यांवरून काढावी, ज्यांना ती पुढे वापरायला दिली त्यांच्याकडूनही काढून घ्यावी आणि आमचं मूळ चित्रण नष्ट केल्याचं लेखी कळवावं. मित्राच्या तिकिटाचे पूर्ण पैसे परत करावेत. स्ट्रोब, धूर, स्पर्श आणि रांगण्याच्या सूचना बुकिंगच्या पानावर, पैसे भरण्याच्या आधी दिसतील अशा ठेवाव्यात. आणि बाकी काही होवो न होवो, ते कार्पेट आजच ठोकून घ्या आणि दिव्यावरचं कापड काढा. त्यासाठी माझ्या पत्राला उत्तर देईपर्यंत थांबायची गरज नाही.

पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास हेच पत्र पुराव्यांसह ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे आणि त्याची प्रत अग्निशमन विभागाकडे जाईल. बुकिंगच्या वेळी दिलेल्या ईमेलवर उत्तर पाठवावे. आपल्या फोनवरच्या प्रतिनिधीशी मला आता बोलायचं नाही. त्यांची चूक नाही, त्यांच्यासमोर जो कागद ठेवला आहे तो ते वाचतात.

कळावे,
आपल्या रीलमधला, डावीकडून दुसरा

सोबत: तिकिटांच्या प्रती, हमीपत्राचा फोटो, रीलचे आणि उडवलेल्या कमेंटचे स्क्रीनशॉट, बहिणीच्या गुडघ्याच्या एक्स-रेचा अहवाल.