मिस्त्रीकाका, शर्यत पाहायची कशी हे तुम्ही शिकवलंत

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही "जाऊ दे ना पोरी, तो बाराचा पाना दे इकडे" म्हणून विषय बदलता.

आमच्या घरी शर्यत म्हणजे शंकरपट. बैलजोडी सुटली, काही सेकंदांत घड्याळ थांबलं की निकाल हातात. म्हणून अमेरिकेतल्या नॅस्कर या मोटारशर्यतीच्या गाड्या एकाच गोल रस्त्यावर 200 फेऱ्या मारताना मोबाईलवर दिसल्या, तेव्हा यात पाहायचं काय, असं मी ट्रॅक्टर दुरुस्तीला आणला त्या दिवशी तुम्हाला विचारलं. तुम्ही हातातलं काम ठेवलं. घमेल्यात बेअरिंगची गोळी टाकली आणि घमेलं फिरवायला लागलात. हळू फिरवलं की गोळी तळाशी, वेग दिला की काठाला चढून धावायची. अमेरिकेतल्या डेटोनाच्या शर्यतीच्या रस्त्याची वळणं 31 अंश कललेली का, ते मला तिथंच कळलं.

मग आमच्याच ट्रॅक्टरचं धुळीनं भरलेलं एअर फिल्टर काढून दाखवलंत. इंजिनाला हवा कमी मिळाली की ताकद घटते. डेटोनाला ती हवा मुद्दाम कमी करतात, त्यामुळे कोणतीच गाडी एकटी निसटू शकत नाही. एकामागे एक चिकटून धावणाऱ्या दोन गाड्या एकट्या गाडीला सहज गाठतात. "पहिल्याकडे नको पाहू, त्याच्या मागं कोण आहे ते पाहा," असं तुम्ही म्हणालात आणि त्या दिवसापासून मला शर्यत दिसायला लागली. आधी नुसत्या गाड्या दिसत होत्या.

नॅस्करचा चालक रॉस चॅस्टेनही तुमच्यामुळेच कळला. फ्लोरिडातल्या टरबूज पिकवणाऱ्या घराण्याची आठवी पिढी. जिंकला की गाडीवर चढून टरबूज आपटतो! 30 ऑक्टोबर 2022 ला मार्टिन्सव्हिलच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत त्यानं पाचवा गिअर टाकला, गाडी थेट भिंतीला घासत नेली आणि पाच जणांना मागं टाकून विजेतेपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांत जागा मिळवली. पुढे नॅस्करनं असं करणाऱ्याला दंड ठरवला. ते योग्यच झालं असं मला वाटतं, पण ती फेरी मी अजूनही पुन्हा पुन्हा पाहते.

खरा जीव जडला तो मात्र 24 तासांच्या शर्यतीवर. जानेवारीत डेटोनाची शर्यत आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर सुटते. आमच्या वावरात थ्री फेजची लाईन रात्रीचीच, गव्हाला ओलित सुरू होतं. स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे, धुऱ्यावर बसायचं, मोबाईल उघडायचा. चार वर्गांच्या गाड्या एकाच रस्त्यावर, प्रत्येक वर्गाची शर्यत वेगळी, चालक पाळीपाळीनं बदलणारे. इथं पहाट होत होती तेव्हा तिथं अंधार पडत होता, आणि तिथली रात्र जवळजवळ 13 तासांची. टायर थंड पडतात, ब्रेक झिजतात, आणि पुढे असलेली गाडी साध्या बिघाडानं गॅरेजात जाऊन बसते. कोण जोरात पळतं यापेक्षा कोणाची गाडी धड राहते, हे पाहण्याची नजर मेकॅनिकचीच असते. ती तुम्ही मला दिली.

2016 चं ल मां, म्हणजे फ्रान्समधली 24 तासांची शर्यत, तुम्ही मला मुद्दाम निकाल न सांगता दाखवलंत. टोयोटाचा काझुकी नाकाजिमा 24 तास संपायला काही मिनिटं उरली असताना पुढे होता आणि गाडीची ताकदच गेली. पोर्शे जिंकली. मी रडवेली झाले, तेव्हा तुम्ही 2018 ची शर्यत लावलीत. तोच नाकाजिमा, तीच टोयोटा कंपनी, आणि या वेळी विजय. 2023 च्या शर्यतीतली शेव्हरोले कंपनीची कॅमारो गाडीही त्याच आठवड्यात पाहिली. नॅस्करची ती अवजड गाडी ल मांला धावली. इतर गाड्यांना पोटातच हवेचे जॅक असतात, हिला मात्र माणसं हातजॅकनं उचलत होती. ते पाहताना तुमचा चेहरा इतका खुलला होता की मी शर्यत सोडून तुमच्याकडेच पाहत होते.

काका, गॅरेजात पोरगी येऊन बसते म्हणून लोक काय काय बोलले, ते तुमच्याही कानावर आलं असेल. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. स्टूल पुसून पुढं सरकवलं आणि पुढची गोष्ट समजावायला घेतली. एकही प्रश्न खुळा ठरवला नाही. चाकणच्या कारखान्यात इतकी वर्षं शिकलेलं तुम्ही कसलाही हात आखडता न घेता दिलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

जूनमध्ये ल मां आपल्या वेळेनं शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होईल. पेरणी आटोपली असेल तर बाबांना घेऊन येते, डबा मी आणीन. तोवर एवढं सांगून ठेवा : हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी ब्रेक मारताना वीज साठवते, ती नेमकी कुठून कुठे जाते? कागदावर काढून दाखवा.

तुमची,
ट्रॅक्टरवाली पोरगी