गडाच्या पायथ्याशी वाटेची माहिती हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये शिवरायांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले. तेव्हापासून गडांवरच्या सोयींची चर्चा सुरू आहे, पण दिव्यांग मुलांच्या पालकांना काय लागतं हे त्यात कुणी विचारलेलं दिसत नाही. माझ्या दहा वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा न राहणं) आहे, तिला चालता येत नाही. डोंगर मात्र तिला मनापासून आवडतो.

तिला घेऊन निघालो की वाटेत हमखास कुणीतरी म्हणतं, "कशाला लेकराचा जीव धोक्यात घालता?" काळजीपोटीच म्हणतात. पण आम्हाला दरीपेक्षा वाऱ्याची भीती जास्त. पाठीवर घेणारा घामाघूम झालेला असतो, आणि हालचाल नसल्यामुळे ती त्याच वेळी गारठत जाते. गारठली की स्नायू आणखी आखडतात. पट्टा मांडीला रुतला तरी तिला सांगता येत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळाने खाली उतरवून पाय मोकळे करायचे, कातडी लाल झाली आहे का ते बघायचं. फिट्सचं औषध वेळेवरच द्यायचं. फिट आलीच तर ती थांबवण्यासाठी नाकात मारायचा स्प्रे सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवायचा आणि तो कसा वापरायचा हे निदान दोघांना यायला हवं. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठावाच लागतो. त्यामुळे गड किती उंच यापेक्षा गाडीपर्यंत परत यायला किती वेळ लागेल, हे आम्ही आधी बघतो. कड्याला आग्या मोहोळं लागली असतील तर जातच नाही. मूल पाठीवर घेऊन पायऱ्यांवरून पळता येत नाही.

हे सगळं घरून निघण्यापूर्वी ठरवावं लागतं, आणि नेमकी तीच माहिती मिळत नाही. फलकावर इतिहास असतो. पायऱ्या किती, रेलिंग कुठवर, सावली कुठे, यातलं काही नसतं. रायगडाला रोपवे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण वर उतरल्यावर पुढेही पायऱ्या आहेत हे अनेकांना तिथे पोहोचल्यावर कळतं. लोहगडाच्या पायऱ्या चांगल्या बांधीव आहेत, पण पावसाळ्यातल्या रविवारी तिथे अशी कोंडी होते की आजारी मूल खाली आणायचं तर वाटच मिळू नये.

मूल मोठं झालं की पाठीवर नेणं तोलाच्या दृष्टीने धोक्याचं. फ्रान्समध्ये १९८७ साली ज्योएल क्लोदेल या गिर्यारोहण मार्गदर्शकाने स्नायूंचा आजार असलेल्या नात्यातल्या मुलासाठी एकचाकी खुर्ची बनवली. पुढे एक जण ओढतो, मागचा तोल सांभाळतो. पायवाटेला ती उत्तम, पण आपल्या दगडी पायऱ्यांना मला बांबूंना खुर्ची बांधलेली डोलीच बरी वाटते. तिचं कसबही आपल्याकडे आहे. रस्ता नसलेल्या वाड्यांतले लोक आजही आजाऱ्याला डोलीतूनच खाली आणतात. पायथ्याच्या गावातल्या एका मामांनी आम्हाला दाखवलं होतं: उतरताना पुढच्या दोघांनी बांबू खांद्यावर घ्यायचा, मागच्यांनी हातात खाली धरायचा, म्हणजे खुर्ची पुढे कलत नाही. मुलगी निवांत इकडेतिकडे बघत खाली आली.

दिव्यांग हक्क अधिनियम २०१६च्या कलम २९ मध्ये मैदानी शिबिरं आणि साहसी उपक्रमांत सहभाग सुकर करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे आम्ही मेहरबानी मागत नाही. पुरातत्त्व विभागाने प्रत्येक गडाच्या पायथ्याशी आणि संकेतस्थळावर वाटेची खरी माहिती लावावी. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकांची मदत घेऊन गावातल्या तरुणांना डोली आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्यावं. ग्रामपंचायतीने डोलीचे दर ठरवून ते फलकावर लिहावेत, म्हणजे पालकांवर घासाघीस करायची वेळ येणार नाही आणि डोली उचलणाऱ्यांची मजुरीही बुडणार नाही.

आपला,
एक पालक, पुणे