मोबाइलच्या आडून टीव्ही सुटला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्क्रीनच्या अतिवापराबद्दल वर्तमानपत्रांत जे काही छापून येते, त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात मोबाइल असतो, आणि तोही बहुधा शाळकरी मुलांच्या हातातला. टीव्ही या खटल्यातून अलगद सुटला आहे. सत्तरीतले आजी-आजोबा संध्याकाळी ७ वाजता सोफ्यावर बसतात ते शेवटची मालिका संपल्यावर १०.३०लाच उठतात. रविवारी महाएपिसोड असला की आणखी उशीर. आयपीएलचा सामना तर सुरूच ७.३०ला होतो आणि ११च्या पुढे लांबतो. घरच्यांना यात काही वावगे वाटत नाही; ‘त्यांचा वेळ तरी जातो’ असे उलट समाधानच असते. मालिकांतल्या कारस्थानांवर टीका करणारी पत्रे आपल्याकडे पुष्कळ येत असतील. त्यांत भर घालायची नाही. काळजी वाटते ती सलग तीन-साडेतीन तास बसून राहण्याची, आणि तेही जेवणाच्या आगेमागे.

पायांपासून सुरुवात करू. चालताना पोटरीचा स्नायू दर पावलाला आवळतो आणि पायांतले रक्त वर ढकलतो. पाय लोंबते ठेवून बसले की हे काम थांबते. त्यात सोफा खोल असेल तर त्याची कड गुडघ्यामागे रुतून शिरा दाबल्या जातात. रात्री उठताना चप्पल घट्ट होते, मोज्याचा वळ राहतो, घोट्याच्या वर हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धरला तर खळगा पडतो. सकाळपर्यंत सूज उतरते म्हणून कुणी मनावर घेत नाही. अशी सूज रक्तदाबावरच्या अॅम्लोडिपिनसारख्या गोळीनेही येते, हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या विकारांतही येते. तेव्हा रोज येत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालावी, गोळी मनाने बंद करू नये. सूज एकाच पायाला आली असेल, पोटरी दुखत असेल आणि हाताला गरम लागत असेल, तर तेल लावून चोळत बसू नये. शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

साखरेचे गणित याहून वाईट. जेवल्यानंतर साधारण तासा-दीड तासाने रक्तातली साखर सर्वांत वर गेलेली असते. मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू त्या वेळी हलत असतील तर ते तिच्यातला बराच वाटा ओढून घेतात, आणि काम करणाऱ्या स्नायूचे त्यासाठी इन्सुलिनवाचून अडत नाही. आपल्याकडे मात्र ताट हातात घेऊन मालिका बघत जेवायचे, आचवून पुन्हा त्याच जागी येऊन बसायचे, अशी पद्धत पडली आहे. म्हणजे साखर चढायची वेळ तीच स्नायू गप्प बसायची वेळ. सकाळी चार किलोमीटर चालणारे मधुमेहीही यातून सुटत नाहीत. सकाळच्या चालण्याने रात्रीची भरपाई होत नाही. जेवणानंतर १० ते १५ मिनिटे गॅलरीत किंवा घरातल्या घरात सावकाश फेऱ्या मारल्या तरी फरक पडतो. ग्लुकोमीटर असेल तर जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी मोजून पाहावे, एक दिवस फेऱ्या मारून आणि एक दिवस न मारता. जेवण मात्र दोन्ही दिवशी सारखेच हवे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी फेऱ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

बसण्याची तऱ्हाही बघायला हवी. दिवाणावर कुशीवर पडून, कोपर दुमडून, डोके तळहातावर तोलून टीव्ही बघणारे घरोघरी असतात. कोपराच्या आतल्या बाजूने जी नस जाते ती या स्थितीत ताणली आणि दाबली जाते, आणि करंगळी-अनामिकेत मुंग्या येऊ लागतात. यांतले पुष्कळजण मानेचा एक्स-रे काढून येतात. उताणे पडून, उशा रचून बघणाऱ्यांना बायफोकल चष्मा असेल तर नजर भिंगाच्या खालच्या, वाचायच्या भागातून जाते. चित्र धूसर दिसते म्हणून हनुवटी छातीला टेकवावी लागते, आणि तासाभराने मान धरते. टीव्ही शोकेसच्या वर किंवा दाराच्या चौकटीइतका उंच टांगला असेल तर उलटा त्रास, मान मागे टाकून बघावे लागते. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटरवर हवा. ४३ इंची टीव्ही पावणेदोन ते दोन मीटरवरून बघावा.

आवाजावरून घरात होणाऱ्या भांडणांचे मूळ बरेचदा कानात असते. वयोमानाने आधी स, श, फ असे बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. संवाद पुटपुटल्यासारखे वाटतात म्हणून आवाज वाढवला जातो आणि त्याबरोबर पार्श्वसंगीतही वाढते. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खालच्या बाजूला किंवा मागे, भिंतीकडे तोंड करून असतात. छोटा वेगळा स्पीकर खुर्चीजवळ ठेवला तर निम्म्या आवाजात भागते. त्याआधी कानात मळ आहे का ते तपासून घ्यावे.

सगळ्यांत मोठा धोका जाहिरातीच्या वेळी असतो, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. दोन-तीन मिनिटांत लघवीला जाऊन यायचे, गोळी घ्यायची, दूध झाकायचे. म्हणून माणूस ताडकन उठतो. दोन तास खाली साठलेले रक्त वर पोहोचायला वेळ लागतो, रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात ‘थिएटरसारखे’ म्हणून खोलीतला दिवा मालवलेला आणि सतरंजीची कड वर आलेली. खुब्याचे हाड मोडायला एवढे पुरते. उठण्याआधी पावले वर-खाली दहा-पंधरा वेळा हलवावीत, सोफ्याच्या कडेला सरकावे, हातांवर भार देऊन उभे राहावे, दहा आकडे मोजावेत, मग चालावे. टीव्हीमागे एक मंद दिवा कायम चालू ठेवावा.

टीव्ही बंद करा, असा सल्ला देणे सोपे आहे. ज्या घरात दिवसभर दुसरा आवाज नसतो, तिथे तो चालत नाही आणि देऊही नये. जाहिरातींचा उपयोग करून घ्यावा. केबल टीव्ही नियमांनुसार त्यांना तासाला कमाल १२ मिनिटांची मर्यादा आहे (ती कितपत पाळली जाते, हा वेगळ्या पत्राचा विषय). साडेतीन तासांत ४० मिनिटांच्या आसपास झाली. दर ब्रेकला खुर्चीतून पाच वेळा उठायचे-बसायचे आणि स्वयंपाकघरापर्यंत एक फेरी मारायची. त्यासाठी बैठक बदलावी लागेल. मऊ, खोल सोफा सोडून हातांची, साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची, पाठ सरळ ठेवणारी खुर्ची घ्यावी. तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत. उंची कमी असेल तर पायाखाली पाट. प्लॅस्टिकची खुर्ची हातांवर जोर देताना सरकते, म्हणून ती भिंतीला टेकवूनच ठेवावी.

पायांत किती ताकद उरली आहे हे घरीही कळते. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे, शेजारी कुणीतरी उभे असताना. ७० ते ७४ वयाच्या पुरुषांना १२पेक्षा आणि स्त्रियांना १०पेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे धरतात.

लहान मुलांबद्दल थोडेच लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेली मर्यादा पहिली दोन वर्षे शून्य आणि पुढे ५ वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास अशी आहे. तो तास मोजताना घरे फक्त कार्टून मोजतात. आजीची मालिका चालू असताना त्याच खोलीत खेळणारे नातवंडही टीव्हीपुढेच असते, आणि मोठी माणसे त्याच्याशी बोलतात तेही कमीच.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२पासून संध्याकाळी ७ला भोंगा वाजतो आणि ८.३०च्या भोंग्यापर्यंत टीव्ही-मोबाइल बंद राहतात. मुलांच्या अभ्यासासाठी ही व्यवस्था नामी आहे. सगळ्यांचाच टीव्ही बंद असल्याने कुणाची मालिका एकट्याची बुडत नाही. ज्येष्ठांसाठी मात्र जेवणानंतरचा, ९ ते १०चा तास जास्त मोलाचा आहे. असा प्रयोग करू पाहणाऱ्या गावांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी आणखी एक भोंगा त्या वेळी, १५ मिनिटे सगळ्यांनी मिळून चालण्यासाठी वाजवून पाहावा.

नगरपालिकांना एक विनंती. ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रांत टीव्ही छताजवळ टांगलेला आणि समोर बिनहातांच्या खुर्च्यांच्या रांगा, अशी मांडणी अनेक ठिकाणी दिसते. पुढच्या अंदाजपत्रकात टीव्हीचा स्टँड खाली घ्यायला, हातांच्या खुर्च्यांना आणि स्वच्छतागृहापर्यंतच्या भिंतीला कठडा बसवायला तरतूद करावी. नवा मोठा टीव्ही नंतर घेतला तरी चालेल.

आपला,
एक फिजिओथेरपिस्ट, सातारा