निवारा केंद्र बंद करण्याआधी घरं तपासा

माननीय आपत्ती व्यवस्थापन मंत्री महोदय यांस,

सप्रेम नमस्कार.

पूर चढत असताना आपली यंत्रणा डोळ्यांत तेल घालून जागी असते. धरणातून किती विसर्ग सुरू आहे, नदी इशारा पातळीच्या किती वर आहे, कोणत्या गल्लीत बोट पाठवायची, याचे निर्णय तासातासाला होतात आणि त्यामुळे माणसं वाचतात. निवारा केंद्रांवर स्वयंसेवक म्हणून काम करताना मी हे पाहिलं आहे. त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. माझं म्हणणं त्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे. पाणी उतरायला लागलं की केंद्र आवरायची घाई सुरू होते. शाळेचे वर्ग मोकळे करून हवे असतात, कर्मचारी थकलेले असतात. मग ध्वनिक्षेपकावरून सांगितलं जातं, पाणी ओसरलं आहे, सर्वांनी आपापल्या घरी जावं. ते घर कोणत्या अवस्थेत आहे, हे तोवर कोणीही पाहिलेलं नसतं.

माझी मागणी एकच आहे. केंद्र कधी बंद करायचं हे नदीच्या पातळीवरून ठरवू नका, घरांच्या अवस्थेवरून ठरवा.

पुरानंतर घरात पहिलं पाऊल कोण टाकतं, ते एकदा डोळ्यांसमोर आणा. घरातलं कोणीतरी धडधाकट माणूस ‘आधी मी बघून येतो’ म्हणून एकटंच पुढे जातं. दार फुगून बसलेलं असतं, खांद्याने ढकलावं लागतं. आत घोटाभर चिखल, फ्रिज आडवा पडलेला, भिंतीवरची पाण्याची रेघ स्विचबोर्डाच्याही वर. सॉकेटच्या भोकांत गाळ गच्च बसलेला असतो. आत अंधार असतो, म्हणून हात सवयीने बटणाकडे जातो. पाय ओल्या चिखलात, हात ओल्या बोर्डावर, आणि त्याच सुमारास कोणीतरी त्या भागाचा वीजपुरवठा सुरू केलेला असतो. पुरातून सुखरूप बाहेर काढलेलं माणूस स्वतःच्या घरात असं जावं, यासारखं दुसरं दुर्दैव नाही, कारण ते टाळता येतं.

त्यासाठी संपूर्ण भागाची वीज एका झटक्यात सुरू करण्याऐवजी घराघरातलं वायरिंग पाहून, मीटर तपासून जोडणी दिली पाहिजे. बाहेरची वीज बंद असली तरी इन्व्हर्टरची बॅटरी आणि दिवसाउजेडी छतावरचे सौर पॅनेल वीज देतच राहतात, हेही लोकांना कोणीतरी आधी सांगायला हवं. जनरेटरचंही तसंच. तो घराच्या वायरिंगला परस्पर जोडला की वीज उलटी खांबापर्यंत जाते आणि तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतते. पावसापासून वाचवायला म्हणून तो घरात किंवा जिन्याखाली चालवला, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास असतो, ना रंग. झोपलेली माणसं झोपेतच दगावतात.

भिंतींचं गणित तर आणखी फसवं आहे. पूर भरलेला असताना उभी राहिलेली मातीची भिंत पाणी उतरल्यावर कोसळू शकते. भिजून ती जड झालेली असते, आतली ताकद गेलेली असते, आणि आधार देणारं बाहेरचं पाणीही निघून गेलेलं असतं. तळघराचंही तसंच. बाहेरची जमीन पाण्याने तुडुंब असताना पंप लावून तळघर एका दमात उपसलं, तर भिंती आत ढकलल्या जातात. म्हणून रोज साधारण एक तृतीयांश पाणी काढावं, असं जाणकार सांगतात. हे सामान्य माणसाला कुठून ठाऊक असणार? त्याला तर घर लवकर कोरडं करायचं असतं.

आता पंचनाम्याबद्दल. हा मुद्दा मला सर्वांत जास्त बोचतो. पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावू नका, नाहीतर मदत मिळणार नाही, अशी भीती लोकांच्या मनात घट्ट बसली आहे. म्हणून चिखल तसाच राहतो, गाद्या तशाच कुजतात. ओल्या वस्तूंवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते. दम्याचा रुग्ण, तान्हं मूल, म्हातारी माणसं त्याच हवेत श्वास घेतात. ओला असताना फावड्याने निघणारा गाळ वाळला की कुदळीलाही दाद देत नाही. घर स्वच्छ करावं की मदत मिळवावी, अशी निवड कोणावरही लादू नये. पाण्याची रेघ आणि खराब झालेलं सामान दिसेल असे तारखेसह काढलेले मोबाइलमधले फोटो पुरावा म्हणून धरले जातील, असा स्पष्ट लेखी आदेश द्या आणि तो केंद्रातच वाचून दाखवा. भाडेकरूंचा पंचनामा त्यांच्याच नावाने व्हावा, हेही त्यात असू द्या. घर मालकाचं असलं तरी वाहून गेलेला संसार भाडेकरूचाच असतो.

आजाराचं वेळापत्रक तर केंद्राच्या वेळापत्रकाशी अजिबात जुळत नाही. लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची, लक्षणं बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतात. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून बाहेर येऊन पूर्ण वाढायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणजे ताप येतो तेव्हा केंद्रातला डॉक्टर निघून गेलेला असतो. वैद्यकीय पथक त्या वस्तीत निदान दोन आठवडे फिरतं ठेवा. नळाच्या टोकाला मोकळा क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरीन, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मिळतो का, हे रोज मोजलं जावं, आणि तो तेवढा मिळेपर्यंत पाणी उकळूनच प्या, असं दवंडी पिटल्यासारखं सांगितलं जावं.

हे जगावेगळं काही नाही. जानेवारी २०२३ च्या पुरानंतर न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात तपासनीसांनी घरं पाहून दारांवर रंगीत फलक लावले. लाल म्हणजे प्रवेश बंद, पिवळा म्हणजे मर्यादित वापर. दारासमोर उभ्या माणसाला आत जायचं की नाही, हे एका नजरेत कळतं. परतणं टप्प्याटप्प्याने असावं आणि थांबवताही यावं, याचंही उदाहरण आहे. २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळानंतर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहरात भागाभागाने लोकांना परत यायची मुभा देणं सुरू झालं होतं. रीटा हे पुढचं वादळ जवळ येताच ते थांबवलं गेलं, आणि काही दिवसांतच डागडुजी केलेल्या बांधांवरून पाणी पुन्हा सखल भागात शिरलं.

लोकांनाच घरी जायची घाई असते, असं अधिकारी म्हणतात. ते खरं आहे, आणि त्यामागे चोरीची भीती असते, जनावरांची काळजी असते. म्हणून वस्तीत रात्रीची गस्त ठेवा. दिवसा दोघादोघांनी, बूट-हातमोजे घालून घर पाहून यावं आणि रात्री केंद्रात परतावं, अशी सोय करा. एवढे अभियंते कुठून आणायचे, हाही रास्त प्रश्न आहे. निवृत्त अभियंते, परवानाधारक इलेक्ट्रिशियन, अभियांत्रिकी महाविद्यालयांतले शिक्षक आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी यांची यादी पावसाळ्याआधीच करता येईल. पूर आल्यावर शोधाशोध करून हे जमत नाही.

जे एकटे राहतात, ज्यांना चालता येत नाही, ज्यांचं घर लाल ठरेल, त्यांना कुठे ठेवणार याचं उत्तर आदेशात असलं पाहिजे. नाहीतर केंद्राला कुलूप लागतं त्या दिवशी ही माणसं फाटकाबाहेर बोचकी घेऊन बसलेली दिसतात.

येत्या पावसाळ्याआधी हा आदेश निघावा, आणि केंद्र बंद करताना कोणत्या गल्लीतली किती घरं तपासली याच्या नोंदीवर एका जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी, एवढी विनंती. नोंदीचा नमुना तयार करायला आणि गल्लोगल्ली फिरायला आम्ही स्वयंसेवक तयार आहोत.

आपली विश्वासू,
निवारा केंद्रातील एक स्वयंसेविका