पडद्याची तपासणी मागून घ्यावी लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात नौपाड्यातील आमच्या सोसायटीत मोफत नेत्रतपासणी शिबिर झाले. तक्त्यावरील अक्षरे वाचून घेतली गेली, यंत्रावर नंबर काढला गेला, मोतीबिंदू आहे का हे बॅटरीच्या उजेडात पाहिले गेले आणि ‘डोळे छान आहेत’ असे सांगून चष्म्याच्या फ्रेमवरील सवलतीचे कुपन हाती ठेवले गेले. रांगेत उभे असलेले बरेचसे ज्येष्ठ मधुमेहाची गोळी घेणारे होते, हे मला रोजच्या कचराळी तलावाच्या फेऱ्यांमुळे ठाऊक आहे. तरीही त्यांपैकी एकाच्याही डोळ्यांत बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले गेले नाहीत, आणि डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असणारा पडदा, म्हणजे दृष्टिपटल (रेटिना), कोणाचाही पाहिला गेला नाही.

हे लिहिण्याचा अधिकार मला स्वतःच्या चुकीने मिळाला आहे. मला तेरा वर्षे मधुमेह आहे. दोन वर्षांत तीनदा नंबर बदलला, तिन्ही वेळा मी मुकाट्याने नवा चष्मा केला आणि ‘वयोमानाप्रमाणे होतेच’ हे दुकानदाराचे म्हणणे मान्य केले. पुढे डाव्या डोळ्याने पाहताना खिडकीचे सरळ गज मधोमध वाकलेले दिसू लागले, तेव्हा कुठे पडद्याच्या डॉक्टरांकडे गेलो. पडद्याच्या मध्यभागाला, ज्याला मॅक्युला म्हणतात, सूज आलेली होती. डोळ्यात इंजेक्शने घ्यावी लागली. ऐकताना अंगावर काटा येतो, पण डोळा आधी बधिर करत असल्यामुळे प्रत्यक्षात त्रास फारसा होत नाही. इंजेक्शनांनी दृष्टी काहीशी सुधारली, पूर्वीसारखी मात्र झाली नाही.

दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, हीच खरी अडचण आहे. मधुमेहात पडद्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या आधी झिरपू लागतात, मग काही बंद पडतात आणि रक्तपुरवठा कमी झालेल्या भागाकडे नव्या, नाजूक वाहिन्या उगवतात. त्या कधीही फुटून डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो किंवा त्यांच्याभोवतीचे तंतू पडदा ओढून सोडवू शकतात. हे सारे चालू असताना मध्यभाग शाबूत असेल तर माणूस तक्त्याची शेवटची ओळसुद्धा वाचून दाखवतो, आणि एका डोळ्याचे उणे दुसरा डोळा झाकून घेतो. म्हणूनच टाइप २ मधुमेहाचे निदान झाले की लगेच, आणि त्यानंतर साधारणपणे दरवर्षी पडदा तपासावा असे वैद्यकशास्त्र सांगते. कारण निदानाच्या आधीच काही वर्षे आजार मुरलेला असू शकतो. ज्या स्त्रियांना आधीपासून मधुमेह आहे, त्यांनी गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत ही तपासणी करून घ्यावी. लेझरने पुढचे नुकसान रोखता येते, पण गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. रक्तातील साखरेइतकेच रक्तदाबावर नियंत्रण ठेवणे पडद्यासाठी मोलाचे आहे, हे ब्रिटनमधील मधुमेहाच्या मोठ्या अभ्यासातून १९९८ मध्येच पुढे आले होते.

मधुमेह नसणाऱ्यांनीही एवढे लक्षात ठेवावे: डोळ्यापुढे अचानक काळ्या ठिपक्यांचा सडा पडला, वीज चमकल्याचा भास होऊ लागला किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मोठा मायनस नंबर असणाऱ्यांना आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांना पडदा सरकण्याचा धोका अधिक असतो. पुढे नेत्रदानातून डोळा मिळेल, असे एका स्नेह्यांनी मला धीर देण्यासाठी सांगितले होते. नेत्रदानातून दृष्टी मिळते ती बुबुळावरचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया, बदलून. पडदा बदलता येत नाही.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला तेव्हा मोतीबिंदू हेच अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण होते, त्यामुळे आपल्या शिबिरांना तेच वळण लागले. त्या शिबिरांचे उपकार मी नाकारत नाही, पण ज्या शहरात मधुमेह घरोघरी पोहोचला आहे तिथे ते वळण अपुरे पडते. थेंबांमुळे चार-सहा तास धूसर दिसते, उजेड सोसवत नाही, स्कूटर चालवता येत नाही, सोबत माणूस लागतो. म्हणून लोक ही तपासणी टाळतात, हेही खरे. मात्र पुष्कळांच्या बाबतीत थेंब न घालताही पडद्याचे छायाचित्र घेणारे कॅमेरे आता उपलब्ध आहेत. प्रशिक्षित तंत्रज्ञ ते वापरू शकतो आणि छायाचित्र दुसऱ्या ठिकाणी बसलेले नेत्रतज्ज्ञ पाहू शकतात.

ठाणे महापालिकेने आपल्या आरोग्य केंद्रांत मधुमेहाचे रुग्ण औषधे नेण्यासाठी येतात त्या दिवशी असा कॅमेरा फिरत्या स्वरूपात तरी ठेवावा, म्हणजे वेगळी खेप पडणार नाही. आणि शिबिरे भरवणाऱ्या संस्थांना विनंती की पडदा पाहिला जाणार आहे की केवळ नंबर काढला जाणार आहे, हे त्यांनी फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)