कोड पुस्तकात, फोन शेतात

क्यूआर कोडच्या कल्पक वापरावरील आपला लेख वाचला. त्यात तिकिटे आली, हॉटेलातली मेन्यूकार्डे आली. पाठ्यपुस्तके मात्र राहिली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना कोड जोडले, पुढे ‘बालभारती’नेही ते छापले. डिसले यांना २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. पण कोड हा केवळ पत्ता. तो स्कॅन केल्यावर दिसणारी धड्याची ध्वनिचित्रफीत असते इंटरनेटवर. आमच्या शेजारच्या पाचवीतल्या मुलीच्या घरी एकच फोन, तोही दिवसभर वडिलांबरोबर शेतात. शासनाने या फिती आधीच उतरवून ठेवलेला एक तरी टॅब प्रत्येक वर्गाला द्यावा.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगोला