शनिवारची बैठक : पाळणा ते अभंग

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी संध्याकाळी ५.३० वाजता नेहमीच्या सभागृहात मासिक बैठक आहे. विषय : आयुष्याचे टप्पे, कवितेतून आणि गाण्यातून.

सुरुवात बारशाच्या पाळण्याने. मग भोंडल्याची गाणी आणि मंगलाष्टका. मंगलाष्टकांच्या शार्दूलविक्रीडित वृत्ताची १९ अक्षरांची ओळ बाराव्या अक्षरावर नीट थांबून म्हणणारे दोघे तरी हवेत.

सर्वांत जास्त वेळ जात्यावरच्या ओव्यांना ठेवला आहे, आणि तो मुद्दाम. माहेर, सासर, भावाची वाट, लेकाचं कौतुक, अहेवपणी, म्हणजे नवरा हयात असताना, मरण यावं ही इच्छा. बाईचं सगळं आयुष्य त्यात आहे आणि ते तिनं स्वतः रचलेलं आहे. घरातल्या आजी, मावशी, आत्यांकडून ओव्या लिहून आणा. कोणत्या गावची ओवी तेही टिपा. शक्य असेल तर त्यांच्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करा, कारण चालीशिवाय ओवी अर्धीच हाती लागते.

शेवटी अभंग आणि भैरवी. पेटी-तबल्याची सोय आहे. टाळ मात्र ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणावेत. गाणाऱ्यांनी गुरुवार रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव कळवावे.

– कार्यवाह